थोरल्या सुनेचा आवाज

सोमवार, ३ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. तू बरा असशील, वेळेवर जेवत नसशील आणि माझ्यावर अजून रागावलेला असशील, हे तिन्ही धरून चालते. इकडे आम्ही दोघं ठीक. अण्णांचं वजन थोडं उतरलंय, बाकी तब्येत आहे तशी आहे.

फोन सोडून हे पत्र कशाला, असं वाटेल तुला. एक तर तू फोन उचलत नाहीस. सव्वा वर्ष झालं. आणि दुसरं म्हणजे तू आवाजाचा माणूस. समोरचा काय बोलतो याकडे तुझं लक्ष नसतं, कसा बोलतो याकडे असतं. सध्या मला तसं कोणी ऐकायला नको आहे. कागदावर मी बरी वाटते.

आधी तुझ्या चित्रपटाचं उरकून घेऊ. ‘उत्तरार्धात ध्वनिमुद्रकालाही डुलकी लागली असावी’ हे वाक्य मी सदरात लिहिलं, तेव्हा तो ध्वनिमुद्रक माझा सख्खा भाऊ आहे हे मला चांगलं माहीत होतं. लिहिताना मी नातीगोती बघत नाही, असं तेव्हा मोठ्या तोऱ्यात सांगितलं तुला. खरं सांगू का, वाक्य छान जमलं होतं म्हणून ठेवलं. काढवेना. परवा तो चित्रपट टीव्हीवर लागला आणि मी पुन्हा बसून पाहिला. ती बाई नवरा गेल्यावर एकटी भांडी घासत असते, तिथे तू नळाचा आवाज हळूहळू काढून घेतलायस. शेवटी फक्त तिचा हात भांड्यावर फिरल्याचा आवाज उरतो. त्यालाच मी डुलकी म्हणाले होते. चुकलंच माझं. सदरात दुरुस्ती छापायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून इथे लिहून देते.

बाकी पडद्यावर सगळा आनंदच आहे. चित्रपटात हल्ली कोणी गप्प बसत नाही. दोन माणसं नुसती एकमेकांकडे बघायला लागली की मागे चाळीस व्हायोलिनं सुरू. मागच्या महिन्यात सदरासाठी एका कवितावाचनाला गेले होते. कवी प्रत्येक ओळीनंतर थांबायचे, टाळी येईपर्यंत. टाळी आली नाही की तीच ओळ पुन्हा. मी चौथ्या ओळीला टाळी वाजवून टाकली, म्हटलं सुटू तरी.

पण साडेसातची मालिका तू बघतोस की नाही? नसशील तर बघ. दहा वर्षांत अशी खलनायिका झालेली नाही, हे मी छापून दिलंय आणि त्यावर ठाम आहे. घरात एक म्हातारा सासरा, घर त्याच्या नावावर. थोरली सून रोज संध्याकाळी त्याला दूध देते आणि त्या दुधात थोडं थोडं काहीतरी असतं. हे म्हाताऱ्याला कळतं, आपल्याला कळतं, घरातल्या बाकी कोणाला कळत नाही. एवढीच गोष्ट, तीनशे भाग चालली आहे. गंमत त्या नटीच्या आवाजात आहे. ती ओरडत नाही, डोळे वटारत नाही, भुवईसुद्धा हलवत नाही. दुधाचा पेला पुढे करते आणि अगदी हळू म्हणते, “घ्या. संपवा. मी इथेच उभी आहे.” म्हातारा पितो. अंगावर काटा येतो रे.

अण्णाही बघतात. सात वाजल्यापासूनच खुर्ची ओढून बसतात. त्यांचा विसरभोळेपणा तू गेलास तेव्हापेक्षा वाढलाय, पण वागणं फार सुधारलंय. तू होतास तेव्हा आंघोळीवरून किती तमाशे व्हायचे ते तुला आठवत असेल. आता दहा मिनिटांत आंघोळ, कपडे, सगळं. गोळ्या घेतात. दूध एका दमात. एक शब्द बोलत नाहीत. तू बघितलंस तर म्हणशील, ताईने काय जादू केली.

म्हणून म्हणते, इतक्यात येऊ नकोस. नवीन माणूस दिसलं की घडी विस्कटते. उन्हाळ्यात बघू. कवितांचं म्हणशील तर सध्या ते काही म्हणत नाहीत.

राग सोड. तब्येतीला जप.

तुझी
ताई

०

बुधवार, १२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, एक ओळ. ‘अण्णा कविता का म्हणत नाहीत?’ ना सप्रेम नमस्कार, ना खाली सही. चार पानं लिहिली मी, त्यात तुझी माफी मागितली, आणि तुला नेमकं तेच वाक्य सापडलं. कागदावरसुद्धा ऐकतोस म्हणजे.

दोन दिवस उत्तर लिहिलं नाही. काल त्या नव्या विनोदी मालिकेवर सदर लिहून दिलं, आज दुसरं काही निमित्त उरलं नाही.

तुला माहीत नसलेलं सांगते. अण्णांचं विसरणं वाढलं तेव्हा मी एक युक्ती काढली होती. तीस वर्षं छापखान्यात त्यांनी मुद्रितं तपासली, त्यातली निम्मी कवितेची पुस्तकं. माणसाची नावं गेली, जेवलो की नाही ते गेलं, पण कविता जागच्या जागी होत्या. ते आंघोळीला अडून बसले की मी मुद्दाम चुकीची ओळ म्हणायची. ‘पाणी निजले घागरीत, दोर राहिला जागा.’ लगेच चष्म्यातून बघायचे. “घागरीत नाही, विहिरीत. घागरीत कशाला निजेल? तू वाचतेस का काय करतेस?” मग मी पुढची ओळ चुकवायची, ते दुरुस्त करायचे, आणि असं दुरुस्त करत करत ते माझ्यामागून न्हाणीघरापर्यंत यायचे. शर्टाची बटणं काढताना चौथं कडवं व्हायचं. रुसवा नाही, ओरडा नाही. माझं नाव त्यांना आठवायचं नाही, पण ही आपलीच कोणी मठ्ठ मुलगी आहे एवढं पक्कं ठाऊक असायचं.

पण त्याला पाऊण तास लागायचा. सकाळी पाऊण, संध्याकाळी पाऊण. त्यात मालिका बघायच्या, टिपणं काढायची, दोन सदरं आणि रविवारचा कविता-कोपरा. तुला मी बढाईने म्हणाले होते ना, अण्णांना संस्थेत ठेवायचं नाही, तुझ्याकडेही पाठवायचं नाही, मी समर्थ आहे. समर्थ होते की. नुसती घाईत होते.

ऑक्टोबरात एकदा सदर पाठवायला वीस मिनिटं उरली होती आणि अण्णा दूध घेईनात. तोंड फिरवून बसलेले. मी तीन ओळी चुकवून पाहिल्या, त्यांनी तिन्ही दुरुस्त केल्या, दूध तसंच. तेव्हा थट्टेने, अगदी थट्टेने रे, मी तिची नक्कल केली. तशीच उभी राहिले, पेला पुढे केला आणि हळू आवाजात म्हणाले, “घ्या. संपवा. मी इथेच उभी आहे.”

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि पेला संपवला. मी हसले. ते हसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी आंघोळीला तोच आवाज. मग गोळ्यांना. मग उगाच, ते खिडकीशी उभे राहिले तरी. दोन मिनिटांत काम व्हायचं. मी तुला सांगते धाकट्या, आवाज इतका हुबेहूब यायला लागला की मला स्वतःचं कौतुक वाटायचं. ती नटी शब्दाआधी किंचित श्वास घेते, तो श्वाससुद्धा मला जमला. सदरात त्या श्वासावर मी एक परिच्छेद लिहिला आणि वाचकांची पत्रं आली, की काय बारकाईने बघता तुम्ही.

आता मनाला लागलेलं सांगते. जानेवारीत मालिकेतल्या म्हाताऱ्याचा डावा हात लुळा पडला. दुसऱ्या दिवसापासून अण्णा डावा हात मांडीवर टाकून बसतात. डॉक्टरांना दाखवलं. हाताला काही झालेलं नाही म्हणाले. म्हातारा जेवणातलं अर्धं ताटात टाकतो, अण्णा बरोबर अर्धं टाकतात. वजन थोडं उतरलंय असं मी तुला लिहिलं होतं, ते सात किलो आहे. आणि अण्णा मला ‘तुम्ही’ म्हणतात. “तुम्ही म्हणाल तसं.” मालिकेत म्हातारा सुनेला असंच म्हणतो. मी खोलीत गेले की उठून उभे राहतात.

सकाळच्या बाई चार वर्षं अण्णांना सांभाळायला येतात, तुला आठवत असतील, त्या फारसं बोलत नाहीत. परवा जाताना चपला घालत म्हणाल्या, “ताई, मी असते तेव्हा अण्णा बडबडतात. तुमची पावलं वाजली की गप्प होतात. मला काय, मी आपलं सांगितलं.” मी त्यांना म्हणाले, आजारात असं होतं. त्यांनी मान डोलवली, पण दार लावताना माझ्याकडे बघितलं नाही.

मग टीव्ही बंद का करत नाहीस, असं विचारशील. एकदा वीज गेली तर ते अनवाणी शेजाऱ्यांच्या दारात जाऊन उभे राहिले, हे एक कारण. ते मी सगळ्यांना सांगते. दुसरं कारण, मला त्या मालिकेवर लिहायचं होतं. एवढी चांगली मालिका पुन्हा कधी येणार. हे मी कोणाला सांगत नाही, तुला सांगितलं.

मी बंद करीन म्हणते. तो आवाज तर आजपासून बंदच. तू काळजी करू नकोस, यायची घाई करू नकोस.

ताई

०

गुरुवार, २० फेब्रुवारी

धाकट्या,

हे पत्र कुरियरने पाठवते आहे, शनिवारी तुझ्या हातात पडेल. तुझी दोन उत्तरं आली. पहिल्यात तू मला जे म्हणालास ते मी वाचलं, त्यात एक शब्दही जास्त नाही. दुसऱ्यात ‘येऊ का?’ असं विचारलंयस.

आठ दिवस झाले, टीव्हीची वायर काढून मी कपाटात ठेवली आहे. शेजाऱ्यांना सांगून ठेवलंय. अण्णा कुठे गेले नाहीत. सात वाजता खुर्ची ओढतात, काळ्या पडद्यासमोर बसतात आणि आठ वाजता उठतात. पहिल्या दिवशी उठून माझ्याकडे आले आणि उभे राहिले. कशाची वाट बघतात मला कळेना. मग कळलं. मी पेला पुढे करून ते वाक्य कधी म्हणते, याची ते वाट बघत होते. मी नुसतं, “अण्णा, दूध घ्या ना,” म्हणाले, माझ्या आवाजात. त्यांनी तिकडे लक्षच दिलं नाही. म्हणजे आता त्यांना माझाच आवाज खोटा वाटतो.

मी पुन्हा कवितेकडे गेले. रविवारी काही लिहायचं ठेवलं नाही, फोन बंद केला, सगळी सकाळ मोकळी ठेवली. त्यांच्या पायाशी बसले. म्हटलं, ‘पाणी निजले घागरीत.’ थांबले. ते ऐकत होते, लक्ष देऊन ऐकत होते. मी पुन्हा म्हणाले, घागरीत. ओठ हलल्यासारखे वाटले मला. मग म्हणाले, “तुम्ही म्हणाल तसं.”

तीस वर्षं ज्या माणसाने एक चूक पुढे जाऊ दिली नाही, मालकाची नाही, मोठ्या कवींची नाही, त्याने मला घागर जाऊ दिली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. ऐकू गेलं असतं तरी त्यांना ते नाटकच वाटलं असतं.

आता जे सांगायला हे पत्र घेतलं ते सांगते. वाहिनीकडून सदरवाल्यांना पुढच्या भागांचा सारांश आधी येतो, न फोडण्याच्या अटीवर. तो मला जानेवारीअखेरीस आला. शुक्रवारी, अठ्ठावीस तारखेला मालिकेतला म्हातारा मरतो. आपणहून. सून दूध घेऊन यायच्या आत तो स्वतःच पेला मागतो. हे मला तुला पहिलं पत्र लिहिताना माहीत होतं. अण्णांचा हात मी बघत होते, ताट बघत होते, आणि तुला लिहीत होते की उन्हाळ्यात ये.

मला वाटलं, टीव्ही बंद आहे, त्यांना कळणार नाही. काल सकाळच्या बाईंनी अण्णांचा शर्ट धुवायला घेतला, खिशात कागद होता तो मला आणून दिला. माझं सदर. कापून घडी घातलेलं. तीन आठवड्यांपूर्वीचं आहे, त्यात मी लिहिलंय, ‘म्हाताऱ्याचं पात्र आता रेंगाळतं आहे. त्याच्याकडे करण्यासारखं काही उरलेलं नाही. लेखकांनी त्याला सन्मानाने निरोप द्यावा, म्हणजे गोष्ट पुढे सरकेल.’ खाली मी वाचकांना विचारलं होतं, तुमचं मत काय. आणि चौकटीत, फेब्रुवारीअखेरच्या शुक्रवारी काय होतं ते नक्की पाहा.

अण्णा अजून छापलेला कागद दिसला की पेन्सिल घेतात, हे तुला माहीत आहे. त्यांनी तो मजकूर नीट तपासलाय. दोन ठिकाणी अक्षरं सुधारली आहेत, एक स्वल्पविराम काढलाय. आणि तळाशी, छापखान्यात शेवटच्या मुद्रितावर लिहायचे तसं, त्या जुन्या ठाशीव अक्षरात लिहिलंय, ‘छापण्यास हरकत नाही.’ खाली पूर्ण सही. स्वतःचं नाव त्यांना वर्षभर लिहिता आलेलं नाही, धाकट्या. बँकेतही अंगठाच लावतात.

मी कागद घेऊन त्यांच्यासमोर गेले. ते उठून उभे राहिले. काय विचारणार होते मी, ठाऊक नाही. त्यांनीच विचारलं. अगदी सभ्यपणे, परक्या माणसाला विचारावं तसं. “शुक्रवारपर्यंत थांबायलाच हवं का?”

कालपासून त्यांनी काही खाल्लेलं नाही. बाईंच्या हातून पाणी घेतात. मी दिलेलं दूध मात्र घेतात. पेला माझ्या हातात दिसला की दोन्ही हात पुढे करतात, लुळा धरलेलासुद्धा, आणि शेवटच्या थेंबापर्यंत पितात. मग उशी सरळ करून आडवे होतात, हात छातीवर घेतात, डोळे मिटतात आणि थांबतात. अर्ध्या तासाने डोळे उघडून खोली बघतात. मी दारातून त्यांचा चेहरा बघितला. निराशा होती रे त्यावर. मी दिलेलं दूध साधं निघालं म्हणून.

डॉक्टर आज येऊन गेले. ते म्हणाले, यांना सलाईन लावता येईल, पण खाणं सुरू व्हायला हवं, आणि ते या घरात होईल असं मला वाटत नाही. ‘या घरात’ असं म्हणाले. माझ्याकडे बघून नाही म्हणाले, सभ्य माणूस आहे. पण मला मतं वाचता येतात, जन्मभर तेच केलंय.

गेले दोन महिने मी स्वतःला सांगत होते की अण्णांना भास होतात, त्यांना माझी भीती वाटते, मी बिचारी. त्यांचं चुकलेलं नाही. मालिकेतल्या त्या बाईला ते ओळखतात, मी तिला घरात आणली. आणि मला ती आवडत होती. दुधाचा पेला पुढे केल्यावर मोठा माणूस निमूट होतो, तेव्हा आत जे वाटतं ना, ते मला आवडत होतं. दुसऱ्या पत्रात मी घाईवर ढकललं. घाई होती. पण घाई नव्हती तेव्हाही मी तो आवाज काढलाय.

तर ‘येऊ का?’ असं विचारू नकोस. ये. रविवारी पोच, सोमवारी पोच, शुक्रवारच्या आत पोच. दहा तासांचा प्रवास आहे, गाडी करून ये, म्हणजे त्यांना झोपवून नेता येईल. माझ्याशी बोलायला येऊ नकोस, त्यांना न्यायला ये. डॉक्टरांचे कागद, गोळ्या, स्वेटर, दोन्ही चष्मे, सगळं एका बॅगेत भरून दाराशी ठेवलंय. सकाळच्या बाई तुझ्याबरोबर पंधरा दिवस यायला तयार आहेत, त्यांच्या घरी मी बोलले. दार त्याच उघडतील. मी घरात नसेन, रस्त्याच्या कोपऱ्यावर मैत्रिणीकडे असेन. आजपासून दूध बाईच देणार आहेत, तू येईपर्यंत मी त्यांच्यासमोर जाणार नाही, असं ठरवलंय.

त्यांना सांगायचं काही नाही. त्यांनी विचारलंच, तर सांग की ती बाई घर सोडून गेली, आता येणार नाही. तसं सांगितल्यावर ते जेवले, तर तेच सांगत राहा, महिना, वर्ष, कितीही. मला वाईट वाटेल म्हणून थांबू नकोस.

पण कधी, सहज, खिडकीशी बसल्या बसल्या त्यांनी विचारलं की आपली ती मठ्ठ मुलगी कुठे आहे, तर मात्र तेव्हाच्या तेव्हा मला फोन कर. कुठलीही वेळ असो. मी उचलीन, आणि आधी काही बोलणार नाही.

ताई